दोघांचं बोलणं

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

“चाचा, दोघं एकच गोष्ट सांगतायत, तरी ह्याला ऐकू का येत नाही?”

हर्षालीने बोट दाखवलं ते वायरलेसकडे. नवऱ्याच्या बोटीच्या केबिनमध्ये तिने तो कालच बसवला होता. संकटात लाल बटण दाबलं की बोट कुठे आहे ते त्याने सगळ्यांना कळवायचं. पण ठिकाण त्याला स्वतःला ठाऊक नसतं. ते जीपीएसकडून तारेने यावं लागतं. हर्षालीने जुना जीपीएस जोडला, आणि तेवढ्याने मन भरेना म्हणून नवाही त्यालाच जोडला. एक गप्प झाला तर दुसरा बोलेल.

पडद्यावर ठिकाणाच्या जागी नुसत्या रेघा.

दाऊदचाचा केबिनच्या उंबऱ्यावर टेकले. तिने सगळं त्यांच्याच हाताखाली शिकलेलं. मिरकरवाड्याच्या धक्क्याजवळ त्यांचं वायरलेस दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणजे चार पत्रे आणि एक बाकडं. त्या दिवसांत तिथे तापल्या कथलाचा वास असायचा, आणि शिकायला येणाऱ्याला आधी चहा मिळायचा, मग काम. आता तिथे मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. हर्षाली अजूनही तिथून जाताना पाय जरा हळू टाकते.

त्या सकाळी मात्र तिची चाल वेगळी होती. सात बोटींवरची यंत्रं एकटीने जोडली होती तिने. अगदीच नडलं तर चाचांना हाक.

“तारा तीनदा तपासल्यात,” ती म्हणाली. “माझ्या कामात चूक नाही.”

“काम चोख आहे.”

“मग?”



दारातून नंदेश म्हणाला, “घरी तू नि आई एकदम सुरू होता ना, तेव्हा माझंही असंच होतं.” तो तिचा नवरा, आणि बोटीचा तांडेल, बोट हाकणारा.

“तुम्ही गप्प बसा हो!”

तिचा आवाज चिरकला. सहा महिन्यांचं पोर नणंदेच्या ओटीत टाकून आली होती ती. गेल्याच महिन्यात शेजारच्या बंदरातली एक बोट भर समुद्रात बंद पडली होती. हाक ऐकू आली, ठिकाण आलं नाही. दोन दिवस माणसं भलत्याच पाण्यात शोधत राहिली. आणि इथे तासाभरात ओहोटी लागणार, त्याआधी बोट सुटणार.

चाचांनी हात लांबवला. नजर बाहेर पाण्यावर, आणि हाताने एक तार उपटली.

“अहो चाचा!”

…

रेघा गेल्या. आकडे उमटले.

“न बघता कशी कळली, कुठली काढायची ती?”

“कुठलीही चालली असती, बाय. दोघं एकदम बोलले की ह्याला एकाचंही कळत नाही.”

हर्षाली सुटलेल्या तारेचं टोक धरून उभी.

“आणि जोडलेला जीपीएस वाटेत गप्प झाला तर?”

“त्याची काढायची. ही लावायची.”

“ह्यांना दाखवून ठेवते.”

“नि तो झोपलेला असला तर?”

…

चाचांनी मागे हाक दिली, “काशिराम! हात पूस नि ये हिकडे.”

काशिराम बोटीवर जेवण रांधायचा. कांद्याचे हात लुंगीला पुसत तो वाकून आत आला.

“चाचा, ह्याला काय कळणार त्यातलं? मला शिकायला दोन वर्षं लागली!”

“मला वीस लागली.”

त्यांनी तिच्या हातातली तार घेतली आणि काशिरामच्या तळव्यावर ठेवली. कुठे लावायची ते बोटाने दाखवलं.

काशिरामने जोडलेली काढली. आकडे गेले. हातातली लावली…

आकडे आले.

हर्षाली बघत राहिली. मग तिने मान खाली घातली.

“एवढंच होय?” काशिराम हसला.

“एवढंच,” चाचा गुडघ्यावर हात टेकून उठले. “उद्या हे दुसऱ्या खलाशाला दाखव. नि त्याला सांग, त्याने तिसऱ्याला दाखवायचं.”