मनोऱ्याच्या पायथ्याची वाडी

डोंगरावर नुकती कुठे वीज पोचली होती, त्या काळची ही गोष्ट. डोंगरमाथ्यावर रेडिओ-टीव्हीचा एक उंच मनोरा उभा होता. आपला आवाज दूरदूरच्या गावांत पोचतो, याच आनंदात तो असे. समोरच्या टेकडीवरच्या बुटक्या मनोऱ्याशी मात्र तो कधी बोलत नसे.

एकदा तो सकाळपासून सांगत होता, "संध्याकाळी वादळ येतंय, गुरं घरी आणा." तेवढ्यात कडा चढून एक वानरीण आली.

"अरे, खालच्या वाडीची गुरं अजून नदीपलीकडे चरताहेत," ती म्हणाली. "तुझ्या पायाशी राहतात ती माणसं, पण त्यांच्या रेडिओत नुसती खरखर. तुझा आवाज त्यांच्या डोक्यावरून जातो."

मनोरा ओशाळला. त्याला काही खाली वाकता येत नव्हतं. शेवटी त्याने बुटक्याला हाक मारली, "दादा, माझा निरोप वाडीला सांगशील का?"

"त्यात काय! वाडी माझ्या समोरच आहे," बुटका म्हणाला आणि लगेच सांगू लागला.

वारा सुटायच्या आत गुरं गोठ्यात आली. दुसऱ्या दिवशी वानरीण हसत वर आली. "सोनबा गवळी म्हणत होता, समोरच्या मनोऱ्याचा आवाज किती मायेचा आहे!"

'तो आवाज माझाच' हे शब्द मनोऱ्याच्या अगदी तोंडाशी आले होते. पण तो म्हणाला, "खरं आहे त्याचं."