मान कुणाचा

फार मागे, रानात एकच पाणवठा उरला, तेव्हा चितळांनी आणि रानडुकरांनी चेंडूचा डाव मांडला. जो कळप आधी गोल करील, त्याचं पाणी.

चितळांची चाल देखणी होती. या पायातून त्या पायात सरकत चेंडू ठिपकी नावाच्या चितळ मादीपाशी आला. समोर गोल मोकळा होता. पण चितळांत थोरांच्या आधी कुणी पाण्यालाही तोंड लावत नसे. तिनं चेंडू मागे, म्होरक्याकडे ढकलला.

"मान तुमचा, आबा."

आबा थकलेले. ते पोचायच्या आत डुकरानं चेंडू पळवला आणि पलीकडे गोल केला.

कळप पाठ फिरवून निघाला. ठिपकीचं तहानलेलं पाडस तिच्या पायांत घुटमळत होतं.

"मी रीत पाळली, आबा," ती म्हणाली.

"पाळलीस, पोरी. मला मान दिलास. ह्याला पाणी द्यायचं होतं."