सरकारांच्या मागून पहिला नंबर

राघू गवळ्याचं दूध आठवड्यात तिसऱ्यांदा नासलं, आणि तेही खुद्द राजेसाहेबांमुळं!

झालं होतं असं. माळवाडी संस्थानच्या सुभानराव राजेसाहेबांनी विलायतेहून सायकल मागवली होती. रोज सकाळी ते ती घेऊन गावच्या एकुलत्या सडकेवर निघत. आणि संस्थानचा रिवाज होता, पार हत्तीच्या काळापासूनचा, की सरकारस्वारीच्या पुढे कुणी जायचं नाही. हत्ती गेला, सायकल आली, रिवाज मात्र ठाण मांडून बसला! जो पुढे जाईल त्याची सायकल जप्त. राजेसाहेब मोर बघत, शीळ घालत रमतगमत सायकल चालवायचे, आणि मागं सायकलींवर राघूच्या दुधाच्या किटल्या अन् हुसेनचाचाची पावाची पेटी उन्हात खोळंबून राहायची.

"सगुणाताई, निम्मी गिऱ्हाइकं तुटली गं," राघू रडकुंडीला येऊन म्हणाला. "अजून महिनाभर असं चाललं तर म्हशी विकाव्या लागतील."

सगुणा सायकल दुरुस्तीचं दुकान चालवायची. हातात पाना आणि जिभेवर धार, अशी बाई. तिनं हात पुसले आणि राघू, हुसेनचाचाला घेऊन तडक दरबार गाठला.

"सरकार, तेवढा रिवाज मोडा."

 राजेसाहेबांना गंमत वाटली. "मोडतो की! दसऱ्याला सायकलींची शर्यत आहे. राजवाड्यापासून खिंडीतल्या मारुतीपर्यंत आणि परत, आठ कोस. आम्हाला हरवा, रिवाज मोडला!"

"आणि शर्यतीत तो रिवाज?"

"पाळायचा म्हणजे पाळायचा! चाक आमच्या पुढे गेलं की सायकल जप्त!"

सगळे मानकरी खो खो हसले. पुढे न जाता हरवायचं? हे म्हणजे अंग न भिजवता पोहण्यातलं! सगुणानं मात्र सरळ विचारलं,

"हारजीत ठरणार कशावर, सरकार?"

"घड्याळावर! आम्ही नव्या जमान्याचे आहोत. निघाल्याची वेळ दिवाणजी टिपतील, पोचल्याची वेळ दिवाणजी टिपतील. ज्याला कमी वेळ लागला, तो जिंकला."

"आम्ही तिघं उतरू. मी, राघूदादा आणि हुसेनचाचा."

राजेसाहेबांनी हुसेनचाचाच्या घेराकडं पाहिलं आणि मिशीला पीळ दिला. "जरूर! पण तिघांतला शेवटचा पोचेल, तेव्हाचीच वेळ तुमची."

"कबूल. आता सरकारांच्या बरोबरीनं निघणं काही आम्हाला शोभत नाही. जरा मागून निघालो तर चालेल?"

"मागून निघा, नाहीतर उद्या निघा!"

"दिवाणजी, तेवढं शेवटचं वाक्य लिहून घ्या बरं," सगुणा म्हणाली.

दसरा उजाडला. तोफ उडाली, राजेसाहेब सुसाट सुटले. आणि ही तिघं? पिंपळाखाली बसून भाकरी खात होती!

"अगं, निघायचं ना?" राघू भाकरी खाली ठेवून म्हणाला.

"जेव रे गुमान. दहा मिनिटं झाली की उठायचं."

लोक टाळ्या पिटून हसत होते. दहा मिनिटांनी सगुणानं कासोटा खोचला आणि पायडल मारलं. दिवाणजींनी वेळ टिपली.

खिंडीच्या अलीकडं समोरून परत येणारे राजेसाहेब भेटले. "काय, अजून इथंच?" असं ओरडून ते निघून गेले. पण तिघांनी मारुतीला वळसा घातला आणि सोसाट्याचा वारा तोंडावर आला. सगुणाला तेच हवं होतं! कडब्याच्या गाडीमागं सायकल किती हलकी पळते, हे तिला ठाऊक होतं.

"चाचा, तुम्ही पुढं! आम्ही तुमच्या आडोशाला."

"मी? मेलो!"

"एका मैलापुरतंच मरा! पुढच्या मैलाला राघूदादा, मग मी."

चाचा म्हणजे चालती भिंतच. त्याच्यामागं वारा लागेल तर शपथ! मैलाचा दगड आला की पुढचा मागं, मागचा पुढं. दमलेल्याला आडोसा, ताज्या गड्याला वारा. बिचारे राजेसाहेब सगळा वारा एकटेच छातीवर झेलत होते. गाव दोन मैलांवर राहिलं तेव्हा त्यांच्या मागं तीन घंट्या वाजल्या.

राजेसाहेब दचकले, मग घामाघूम चेहऱ्यानं हसले. "आलात? आता जा बघू पुढे!"

"छे छे! आमची काय बिशाद, सरकार!"

आणि तिघं गुमान त्यांच्या मागं लागली. राजेसाहेब ऐटीत राजवाड्याच्या दारात शिरले. ढोल वाजले, गुलाल उडाला. पाठोपाठ ही तिघं. दिवाणजींनी वही पाहिली, घड्याळ पाहिलं, परत वही पाहिली आणि त्यांना ठसका लागला.

"सरकारांना... एक तास चाळीस मिनिटं. यांना... एक तास तीस."

ढोल थांबले. राजेसाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "आमच्या मागं राहून आम्हाला हरवलंत? आणि तेही तिघांनी मिळून एकट्याला?"

"तिघांनी कुठं, सरकार?" सगुणा हात जोडून म्हणाली. "शेवटचे दोन मैल आमचा वारा कुणी अडवला? आपणच! आम्ही चौघं होतो, सरकार. आपली टोळी जिंकली!"

 राजेसाहेब असे हसले, असे हसले, की विलायती सायकल हातातून निसटून धाडकन पडली. स्वतःच्या गळ्यातला कंठा काढून त्यांनी सगुणाच्या हातावर ठेवला.

"रिवाज मोडला! उद्यापासून दूध पुढे, पाव पुढे! पण आमचीही एक अट आहे."

राघूनं घाबरत विचारलं, "कसली, सरकार?"

"वारा तोंडावर असला की हुसेनचाचानं पुढे राहायचं," राजेसाहेब डोळे पुसत म्हणाले, "आणि आम्ही त्याच्या मागं!"