बिनतळाचं घरटं

माणसं दुकानं थाटायला शिकली त्याच्याही आधी, एका तळ्याकाठच्या बाभळीवर सुगरणबाई साऱ्या पाखरांना घरटी विणून द्यायची. दरसाल नवं घरटं, आणि दरसाल त्यातून काहीतरी कमी. एकदा आतला कप्पा गेला, एकदा दाराची नळी गेली. "पाखरांना काय हवं ते पाखरांना कुठं कळतं? ते आपण ठरवायचं," असं ती म्हणायची.

यंदा तिनं तळच काढून टाकला. झाडभर वाहवा झाली. काय हलकं, काय हवेशीर! साळुंकीनं पहाटेपासून रांगेत ताटकळून ते मिळवलं, त्यात पहिलं अंडं घातलं, आणि ते थेट खालच्या दगडावर फुटलं.

ती रडतच सुगरणीकडे गेली. "अहो बाई, अंडं ठेवायचं तरी कुठं?"

"तुमची बसायची पद्धत चुकतेय, ताई," सुगरण मायेनं म्हणाली.

तेवढ्यात साळुंकीची नजर वर गेली. सुगरणीच्या स्वतःच्या जुन्या, जाड तळाच्या घरट्यात तिची पिल्लं गाढ झोपली होती.

"मग हे हो काय?"

"आम्ही पडलो जुन्या वळणाच्या. नवं पेलायला तुमच्यासारखी नजर लागते."

साळुंकीची मान ताठ झाली. घरी येऊन तिनं मोठ्या अभिमानानं त्याच घरट्यात दुसरं अंडं घातलं.