हिरवा सूर्य आणि तरंगणारे दगड

एकदा काय झालं, कोकणातल्या एका गावात साळू नावाची कोळीण राहायची. तिचा नवरा राघू गलबतावर खलाशी. लवंगा आणायला पार पूर्वेच्या बेटांकडे गेला होता.

एके सकाळी सूर्य उगवला तो हिरवागार! कैरीसारखा, बरं का. मग संध्याकाळी आभाळ असं लाल झालं, की वाटावं समुद्रात वणवा लागलाय. एक दिवस नाही, रोजच.

होड्यांचे म्होरके, म्हातारे शिवा तांडेल म्हणाले, "दर्या पेटलाय. कुणी होडी काढायची नाही."

मग काय, मासळी बंद, चुली थंड. पोरं उपाशी रडायला लागली.

साळू मोठी चौकस. ती म्हणाली, "मामा, पेटलाय तर धूर कुठाय? मी बघून येते."

"आणि परत आली नाहीस तर?"

"मग समजा, पेटलाय."

पहिल्या संध्याकाळी ती होडी घेऊन समुद्रातल्या खडकापर्यंत गेली. लाली लांबच. दुसऱ्या संध्याकाळी आणखी पुढे गेली. लाली तेवढीच लांब. तिसऱ्या संध्याकाळी किनारा दिसेनासा झाला, तरी तेवढीच! तिनं पाण्यात हात घातला. गार! मग जाळं टाकलं आणि टोपलीभर बांगडे घेऊन आली. दुसऱ्या दिवशी सगळ्या होड्या निघाल्या.

पुढं काही महिन्यांनी किनाऱ्याला दगड लागले. तरंगत आले हो! लोक घाबरून मागं सरले. साळूनं एक उचलला. भोकाभोकांचा, पिसासारखा हलका. टाचेवर घासून बघितला, तर टाच मऊ! मग बायकांची ही झुंबड. पण साळूच्या मनातून जाईना, हे आले कुठून? राघू आहे तिकडून तर नाही?

आणि एक दिवस राखेनं करडं पडलेलं गलबत आलं. राघू उतरला. साळूला रडूच कोसळलं.

राघू म्हणाला, "तिकडं डोंगर फुटला गं. भरदुपारी काळोख झाला. राखेनं गलबत बुडायला आलं, आम्ही टोपल्यांनी राख उपसली. ती राख आभाळात चढली, तीच इथवर आली; सूर्य हिरवा नि आभाळ लाल दिसलं ते तिच्यामुळंच. त्या डोंगरातलेच दगड समुद्रभर तरंगत होते. गावंच्या गावं गेली."

त्याच्या मागं एक चिमुरडी उभी होती. दगडांमध्ये अडकलेल्या ओंडक्यावर सापडलेली. तिचं कुणी उरलं नव्हतं.

साळूनं विचारलं, "नाव काय गं तुझं?"

पोरीला भाषा कळेना. साळू खाली बसली, तिचा प्रवासात मळलेला चेहरा पदरानं पुसला नि म्हणाली, "राहू दे. आधी जेव, मग सांग."

पोर तिथंच वाढली, आपली भाषा शिकली, आणि सगळी आनंदात राहिली. चला, पांघरुणं ओढा बघू. झोपा आता.