तळ्याकाठचं पाणगवत

मासा आपली अंडी कुठे ठेवत असेल, सांगा पाहू?

एका गावातल्या भोयाने तळ्यात कार्प मासे पाळले होते. सोनेरी खवल्यांचे, ओठांशी मिशा असलेले, दिवसभर गाळ उकरणारे. तळ्याच्या कडेला दाट पाणगवत होतं. जाळं त्यात अडकून फाटायचं. वर येणारेजाणारे चिडवायचे, "काय रे, मासे पाळलेस की म्हशी? चारा तर म्हशींपुरता आहे!"

भोयाला ते फार लागायचं. त्यातच पंचांनी जाहीर केलं, ज्याचं तळं सर्वांत स्वच्छ, त्याला यंदा मानाचा नारळ आणि शेला.

म्हातारे सासरे म्हणाले, "जावईबापू, थंडी सरताना गवताला हात लावत नाहीत. आपल्यात तशी रीतच आहे."

"रीत जुनी झाली, मामा," भोई म्हणाला आणि पाण्यात उतरला. दुपारपर्यंत त्याने सगळं गवत उपटून काठावर ढीग घातला. पाणी आरशासारखं दिसू लागलं. पंचांनी लांबूनच पाहिलं आणि निरोप धाडला, "उद्या सकाळी नारळ घेऊन येतो."

ऊन कलल्यावर त्याची बायको खतासाठी गवत न्यायला आली. जुडी उचलली आणि तशीच थांबली.

"अहो, हे बघा. राजगिऱ्यासारखं काय चिकटलंय?"

भोयाने बोटावर एक दाणा घेतला. आत काळा ठिपका हलत होता. पुढच्या वर्षीचे सगळे मासे त्या ढिगात होते.

"वरचं वाळलं," बायको म्हणाली, "पण आतलं ओलं आहे अजून."

"परत टाकलं तर उद्या सगळं गाव हसेल."

"हसू दे की. हसून कुणाचं तळं आटलंय?"

भोई सासऱ्यांकडे वळून म्हणाला, "मामा, सुतळी द्या. मोकळं गवत वाऱ्याने वाहून जाईल."

तिघांनी ओल्या जुड्या बांबूंना बांधल्या आणि दिवेलागणीपर्यंत बांबू उथळ पाण्यात रोवले. अर्धं गवत वाळून गेलं होतं, ते काठावरच राहिलं.

सांगायचं तात्पर्य इतकंच: चूक कळली की आधी ती निस्तरावी, मानाचं नंतर पाहावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंच आले, गवत पाहून हसले आणि नारळ घेऊन परत गेले. भोई गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याच्या समोरच्या जुडीला पापणीच्या केसाएवढी पिल्लं लटकत होती.