नाकातलं शिसं

फार वर्षांपूर्वी रेवणकर काकांनी रिमोटवर उडणारं, पुरुषभर लांब पंखांचं विमान जुळवलं. त्याचा तोल शेपटीकडे जात होता, म्हणून शेवटी त्याच्या नाकात शिशाचा तुकडा बसवला.

"हे फिरत नाही, वळत नाही, नुसतं बसून असतं," प्रोपेलर कुजबुजला.

"आपल्यावर पाळत ठेवायला आणलंय," शेपटी म्हणाली.

शिसं गप्पच राहिलं. गप्प बसणाऱ्याच्या मनात काहीतरी असणारच, असं दोघांनी ठरवून टाकलं.

माळावर विमान उडालं. प्रोपेलरने मुद्दाम थरथरून शिशाचा स्क्रू सैल केला. शिसं खाली पडलं. लगेच शेपटी जड झाली, नाक वर गेलं आणि विमान धाडकन मातीत आलं.

ढिगाऱ्यातून प्रोपेलर कण्हत म्हणाला, "बघितलंस? आधीच उडी मारून पळालं. त्याला सगळं ठाऊक होतं."